हिमोफिलियाच्या उपचारांचा हिशेब कसा मांडायचा: खान्देशातल्या नव्या पालकांसाठी

हिमोफिलिया म्हणजे रक्त गोठवणाऱ्या 'फॅक्टर' नावाच्या घटकाची कमतरता. रिपोर्टवर 'फॅक्टर आठ, १ टक्क्याहून कमी' असं छापून आलं की पुढचे काही महिने घरात दोनच प्रश्न असतात. पोरगं सुखरूप राहील ना, आणि एवढा पैसा आणायचा कुठून? पहिल्याचं उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचं उत्तर घराघरात वेगळं असतं, म्हणून ते कुणी बसून सांगत नाही. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

मी जळगाव जिल्ह्यात एका जिनिंगमध्ये दिवाणजी आहे. रोजमेळ, खतावणी, तेरीज यांतच माझा दिवस जातो. मुलगा नऊ वर्षांचा आहे, हिमोफिलिया ए, सिव्हिअर. पहिली तीन वर्षं मी एकच आकडा बघत होतो, तो म्हणजे व्हायलची, फॅक्टरच्या औषधाच्या बाटलीची, किंमत. ब्लीड, म्हणजे रक्तस्राव, झालं की व्हायल लावायची, नाही झालं तर तेवढे पैसे वाचले असं धरायचं. त्या हिशेबापायी त्याचा डावा गुडघा बिघडला. सहा महिन्यांत एकाच सांध्यात तीन किंवा अधिक वेळा आपोआप रक्तस्राव झाला की त्याला 'टार्गेट जॉइंट' म्हणतात, हे मला तो झाल्यावर कळलं.

आमच्या धंद्यात कापूस नुसत्या क्विंटलच्या भावावर घेत नाहीत, उतारा बघतात. भाव कमी पण रुई कमी निघणारी असेल तर तो माल महागच पडतो. औषधाचंही तसंच आहे. व्हायलच्या भावाच्या पलीकडे जाऊन वर्षाला किती ब्लीड टळले, किती दिवस शाळा झाली, गुडघा किती वाकतो, हा उतारा बघायचा. तो कसा काढायचा, ते खाली पायरीपायरीने लिहितो.

सुरुवातीआधी एक गोष्ट

डोक्याला मार लागला, मान किंवा गळा सुजला, पोटात जोरात दुखू लागलं, तर हिशेब नाही, वाट बघणं नाही. आधी फॅक्टर द्यायचा, मग सीटी स्कॅन आणि बाकी सगळं. ॲस्पिरिन आणि ब्रुफेन घरात ठेवू नका. कमरेवर किंवा दंडावर स्नायूत सुई देऊ देऊ नका. आणि कोणता उपचार, किती डोस हे हिमोफिलियाचे डॉक्टरच ठरवतील. आपला हिशेब त्यांच्याशी नीट बोलता यावं म्हणून आहे, त्यांच्या जागी बसण्यासाठी नाही.

१. आजार नेमका कोणता, ते कागदावर घ्या

ए म्हणजे फॅक्टर आठची कमतरता, बी म्हणजे फॅक्टर नऊची. पातळी १ टक्क्याखाली असेल तर सिव्हिअर, १ ते ५ मॉडरेट, ५ च्या वर माइल्ड. या दोन ओळींवर पुढचं सगळं गणित उभं आहे. फॅक्टर आठचं एक युनिट दर किलोला दिलं की पातळी साधारण २ टक्के चढते आणि ८ ते १२ तासांत निम्मी होते. फॅक्टर नऊचं एक युनिट साधारण १ टक्काच चढवतं, पण ते निम्मं व्हायला १८ ते २४ तास लागतात. म्हणून ए वाल्या मुलाचा हिशेब बी वाल्या मुलाला लावायचा नाही.

इथेच एक सापळा आहे. फॅक्टर मिळत नाही म्हणून कुणी क्रायोची (दात्याच्या रक्तातून काढलेल्या घटकाची) पिशवी लावायला निघालं आणि मूल बी चं असेल, तर तिथेच थांबवा. क्रायोमध्ये फॅक्टर नऊ नसतो. पैसा जाईल, वेळ जाईल आणि रक्त थांबणार नाही. ए साठी क्रायो अडीअडचणीला चालतं, पण ते दात्याच्या रक्तातून येतं आणि संसर्गाची जोखीम सोबत येते. स्वस्त आहे म्हणून नेहमीचा पर्याय म्हणून ते धरू नका.

नंदुरबार, धडगावकडच्या लोकांसाठी एवढंच सांगतो, की तिकडे सिकलसेल घरोघरी माहीत आहे, हिमोफिलिया तितका नाही. आजाराचं नाव, प्रकार आणि टक्केवारी असलेला कागद लॅमिनेट करून पोराच्या दप्तरात ठेवा.

२. वही घाला, आजच

वही नसेल तर पुढची एकही पायरी चढता येत नाही. शंभर पानी साधी वही चालते. प्रत्येक ब्लीडला एक ओळ, आणि ओळीत एवढं हवं:

- तारीख आणि वेळ, दुखू लागल्यापासून फॅक्टर लागेपर्यंत किती तास गेले
- कोणता सांधा, मार लागून की आपोआप
- त्या दिवशीचं वजन
- किती युनिट, किती वेळा (व्हायलवरचं लेबल सोलून वहीत चिकटवा, त्यावर बॅच आणि युनिट असतात)
- गाडीभाडं, जेवण, मुक्काम
- कुणाची किती दिवसांची मजुरी बुडाली
- शाळेचे किती दिवस गेले

'किती तास गेले' हा रकाना लोक सोडून देतात. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. आमचा मुलगा लहानपणी सूज दिसायच्या आधी सांगायचा, "आबा, मना गुडघा भरी राह्यना." हात लावला तर गुडघा नुसता कोमट लागायचा, सूज नसायची. मी सकाळपर्यंत थांबायचो. सकाळी गुडघा नारळाएवढा व्हायचा आणि एका डोसचं काम चार डोसवर जायचं. वहीत दोन पावसाळ्यांच्या ओळी शेजारी शेजारी आल्या, तेव्हा मला ते डोळ्यांनी दिसलं. दोन तासांत फॅक्टर लागला तिथे एक-दोन डोस, बारा तास गेले तिथे चार-पाच. थांबून मी काहीच वाचवलं नव्हतं.

३. हिशेब कुणाच्या खिशाचा, ते ठरवा

हे आधी ठरवलं नाही तर पुढे सगळी गल्लत होते. सरकारी केंद्रात फॅक्टर मोफत मिळतो, म्हणून घरच्या वहीत औषधाचा खर्च शून्य. सरकारच्या वहीत मात्र औषध हाच सगळ्यात मोठा आकडा, आणि तुमचं गाडीभाडं तिथे शून्य. दोन्ही वह्या खऱ्या आहेत आणि दोन्ही अर्ध्या आहेत. म्हणून तीन रकाने पाडा: घराचा खर्च, सरकारचा खर्च, आणि दोन्ही मिळून समाजाचा खर्च.

दान आलेल्या व्हायलींनाही किंमत लावायची. जागतिक हिमोफिलिया महासंघाकडून मदतीच्या व्हायली येतात, त्या फुकट असतात. पण हिशेबात त्यांची बाजारातली किंमत धरा. दान उद्या थांबलं तर तो खर्च कुणीतरी करणारच आहे.

४. कोणकोणते पर्याय तोलायचे

ऑन-डिमांड म्हणजे ब्लीड झालं की फॅक्टर.

प्रॉफिलॅक्सिस म्हणजे ब्लीड होऊ नये म्हणून ठरलेल्या दिवशी फॅक्टर. ही पद्धत स्वीडनमध्ये मालमो इथे इंगा मारी निल्सन यांनी १९५८ मध्ये सुरू केली. श्रीमंत देशांत दर किलोला २५ ते ४० युनिट, आठवड्यातून तीनदा असा मोठा डोस चालतो. आपल्यासारख्या ठिकाणी दर किलोला १० ते १५ युनिट, आठवड्यातून दोन-तीनदा, असा लो-डोस.

एमिसिझुमॅब, म्हणजे बाजारातलं हेमलिब्रा. हे फॅक्टर नाही, पण फॅक्टर आठचं काम करतं. कातडीखाली टोचायचं, शीर शोधावी लागत नाही. फक्त हिमोफिलिया ए साठी. भारतात २०१९ पासून आहे. एक लक्षात ठेवा, झालेलं ब्लीड थांबवायचं औषध हे नाही. ते चालू असलं तरी ब्लीडसाठी फॅक्टर लागतो, म्हणून त्याच्या रकान्यात फॅक्टरचा थोडा खर्च धरायचाच.

जीन थेरपीबद्दल नातेवाईक व्हॉट्सॲपवर पाठवतात, म्हणून सांगतो. हिमोफिलिया बी साठीचं हेमजेनिक्स अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं तेव्हा त्याची किंमत ३५ लाख डॉलर ठेवली होती. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया ए च्या ५ रुग्णांवर जीन थेरपीची चाचणी केली आणि तिचे चांगले निष्कर्ष २०२४ मध्ये छापून आले. आशा ठेवा, पण या वर्षीच्या वहीत तिचा रकाना पाडू नका.

५. युनिटचं गणित

२० किलोचं मूल धरू, हिमोफिलिया ए. खालचे ब्लीडचे आणि पैशाचे आकडे रीत समजावी म्हणून धरलेले आहेत, तुमच्या वहीतले वेगळे असतील.

गुडघ्याच्या ब्लीडला पातळी ४० टक्क्यांवर न्यायची असेल तर २० किलो गुणिले ४० गुणिले अर्धा (एक युनिट २ टक्के चढवतं म्हणून अर्धा), म्हणजे ४०० युनिट. व्हायल २५०, ५००, १००० अशा येतात. म्हणजे ५०० ची एक. एका ब्लीडला असे तीन डोस धरले तर १,५०० युनिट.

ऑन-डिमांड: वर्षाला २४ ब्लीड, गुणिले १,५००, म्हणजे ३६,००० युनिट.

लो-डोस प्रॉफिलॅक्सिस: दर किलोला १०, म्हणजे २०० युनिट. २५० ची व्हायल आठवड्याला दोनदा, ५२ आठवडे, म्हणजे २६,००० युनिट. तरीही ४ ब्लीड झाले असं धरू, त्यांचे ६,०००. एकूण ३२,०००.

मोठ्या डोसचं प्रॉफिलॅक्सिस: २५ गुणिले २० म्हणजे ५००, आठवड्याला तीनदा, वर्षाला ७८,०००.

मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा तीनदा बेरीज तपासली. वारंवार ब्लीड होणाऱ्या मुलाला रोखायला लागणारा फॅक्टर, झालेलं थांबवायला लागणाऱ्या फॅक्टरहून कमी भरत होता. हे सगळ्यांच्या बाबतीत होणार नाही, ते पुढे दाखवतो. पण 'प्रॉफिलॅक्सिस आपल्याला परवडत नाही' हे वाक्य बेरीज न करता कुणी म्हणू नये.

वाया जाणाऱ्या औषधाचा सापळा मोठा आहे. एमिसिझुमॅबच्या व्हायली ३०, ६०, १०५ आणि १५० मिलिग्रॅमच्या असतात. पहिले चार आठवडे आठवड्याला किलोमागे ३ मिलिग्रॅम असा चढता डोस असतो. नंतर किलोमागे दर आठवड्याला १.५, किंवा दोन आठवड्यांनी ३, किंवा चार आठवड्यांनी ६ मिलिग्रॅम. मूल २४ किलोचं असेल तर दर आठवड्याला ३६ मिलिग्रॅम लागतं. त्यासाठी ६० ची व्हायल फोडली तर २४ मिलिग्रॅम टाकून द्यावं लागतं, कारण उघडलेली व्हायल ठेवता येत नाही. चार आठवड्यांत २४० मिलिग्रॅम फुटलं. तेच चार आठवड्यांनी एकदा घेतलं तर १४४ लागतं, १५० ची एकच व्हायल. औषध तेच, मूल तेच, आणि ९० मिलिग्रॅमचा फरक. हेच मूल २० किलोचं असताना आठवड्याला बरोबर ३० लागत होतं, काहीच वाया जात नव्हतं. म्हणून 'आमच्या वजनाला कोणतं वेळापत्रक व्हायलीत बसतं?' हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

६. गाडीभाडं, मजुरी आणि फ्रीज

खान्देशातल्या माणसाचा खरा खर्च इथे आहे. नाशिक, ठाणे, सातारा आणि अमरावती इथे सरकारी डे-केअर केंद्रं सुरू झाली, मुंबईत परळला केईएम आणि तिथल्याच आवारातली रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था आहे. तुमच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जळगाव-धुळ्याच्या शासकीय महाविद्यालयात फॅक्टरचा साठा आहे का, हे आधी विचारा. नसेल तर धुळ्याहून नाशिक म्हणजे एका बाजूने दीडशे किलोमीटरच्या वर. शिरपूर, शहादा, रावेर, यावलवाल्यांना त्याहून लांब.

वरच्याच मुलाचा हिशेब पुढे नेऊ. एका फेरीचं भाडं आणि जेवण ६०० रुपये, एका माणसाची एका दिवसाची मजुरी ४०० रुपये. ब्लीड झालं तर दोन दिवस जातात, म्हणजे १,४०० रुपये. नुसती व्हायली आणायची फेरी एका दिवसाची, १,००० रुपये. फॅक्टरचा दर युनिटला १० रुपये धरतो, तो फक्त गुणाकार सोपा जावा म्हणून. तुम्ही पावतीवरचा खरा दर घाला.

ऑन-डिमांड: फॅक्टर ३,६०,००० अधिक २४ फेऱ्यांचे ३३,६००. एकूण ३,९३,६००.

लो-डोस, महिन्याच्या व्हायली घरी आणून: फॅक्टर ३,२०,००० अधिक १२ फेऱ्यांचे १२,००० अधिक ४ ब्लीडचे ५,६००. एकूण ३,३७,६००.

लो-डोस, पण प्रत्येक डोस केंद्रात जाऊन: फॅक्टर ३,२०,००० अधिक १०४ फेऱ्यांचे १,०४,००० अधिक ५,६००. एकूण ४,२९,६००.

दुसरी आणि तिसरी ओळ पुन्हा वाचा. औषध एक, डोस एक. फक्त सुई कुठे टोचायची एवढ्यावरून सगळ्यात स्वस्त पर्याय सगळ्यात महाग झाला. आणि ती तिसरी ओळ कागदावरच राहते. आठवड्यातून दोनदा कोण जाणार आहे? कापूस वेचणीच्या दिवसांत तर नाहीच. महिनाभरात फेऱ्या बंद पडतात आणि मग वर म्हणतात, पालकच नियमित येत नाहीत.

म्हणून घरी फॅक्टर द्यायला शिका. आमच्याकडे मुलाची आई शिकली, केंद्रातल्या सिस्टरांनी चार फेऱ्यांत शिकवलं. व्हायल फ्रीजमधून काढून आधी खोलीच्या तापमानावर येऊ द्यायची. सोबतचं पाणी व्हायलच्या भिंतीच्या कडेने सोडायचं, आणि व्हायल हलवायची नाही, दोन तळव्यांत धरून अलगद फिरवायची. जोरात हलवली की फेस येतो. पहिल्या वेळी तिचा हात थरथरत होता आणि शीर दोनदा हुकली. आता तो दप्तर भरता भरता हात पुढे करतो.

घरी ठेवायचं तर फ्रीज हवा, २ ते ८ अंश. दाराच्या कप्प्यात नाही, बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नाही, गोठलेला फॅक्टर वाया जातो. बऱ्याच व्हायली ठरावीक काळ ३० अंशांपर्यंत बाहेर चालतात, तो काळ माहितीपत्रकात छापलेला असतो. पण आपल्याकडे मे महिन्यात भुसावळला पारा ४५ वर जातो, घरातच ३० च्या वर असतं. वीज गेली तर काय, हे आधीच ठरवून ठेवा. आम्ही तोंड रुंद असलेल्या थर्मासमध्ये बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवतो, व्हायल बर्फाला चिकटू देत नाही. गेल्या मे महिन्यात नऊ तास वीज नव्हती, थर्मासमुळे दोन व्हायली वाचल्या. हा थर्मासही मी खर्चात लिहिला आहे.

प्रवासाचा खर्च कमी करायला सवलती आहेत, त्या घ्या. रेल्वेत सिव्हिअर आणि मॉडरेट हिमोफिलियाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला उपचाराच्या प्रवासासाठी ७५ टक्के सवलत आहे, त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. एसटीतही सवलत आहे, आगारात विचारा.

७. फरकाला फरकाने भागा

आता खरा तोल. समजा मुलाला वर्षाला २४ नाही, १५ च ब्लीड होतात. मग ऑन-डिमांडचा एकूण खर्च २,२५,००० अधिक २१,०००, म्हणजे २,४६,०००. घरच्या लो-डोसचा ३,३७,६००. आता प्रॉफिलॅक्सिस ९१,६०० रुपयांनी महाग आहे, आणि ब्लीड १५ चे ४ झाले, म्हणजे ११ टळले. ९१,६०० भागिले ११ म्हणजे एक ब्लीड टाळायला ८,३२७ रुपये. आरोग्य-अर्थशास्त्रात सगळ्यात जास्त हाच आकडा वापरतात: जास्तीचा खर्च भागिले जास्तीचा फायदा. नुसता 'हे महाग, ते स्वस्त' असा वाद घालण्यापेक्षा 'एक ब्लीड टाळायला आठ हजार द्यायचे का?' असं विचारलं की बोलणं सरळ होतं.

मोठ्या अभ्यासांत ब्लीडऐवजी 'क्वाली' मोजतात. जगलेलं वर्ष गुणिले त्या वर्षातल्या तब्येतीचा दर्जा, शून्य ते एक. दहा वर्षं ०.६ दर्जाने म्हणजे ६ क्वाली, दहा वर्षं ०.८५ ने म्हणजे साडेआठ. उपचाराने अडीच क्वाली मिळाल्या. भारतात २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागाखाली 'एचटीए इंडिया' हे काम करतं, आणि एका क्वालीला लागणारा जास्तीचा खर्च सहसा दरडोई जीडीपीशी ताडून बघतात.

दर्जा विचारताना जपा. आमच्या मुलाला विचारलं, गुडघा कसा आहे, तर तो म्हणतो, चांगला आहे. त्याने कधी पळून पाहिलेलंच नाही, त्याला चांगला म्हणजे काय ते माहीत नाही. म्हणून मी तसं विचारत नाही. पंगतीत मांडी घालून पूर्ण जेवण होईपर्यंत बसलास का? संडासात उकिडवं बसता येतं का? शाळेत प्रार्थनेला उभा राहिलास की वर्गातच थांबलास? ही उत्तरं वहीत लिहितो. आखाजीला आमच्याकडे झोके बांधतात. गेल्या वर्षी तो झोक्यावर उभा राहून दोन्ही गुडघे वाकवत होता, तेही तारखेसह लिहून ठेवलं आहे.

दुसऱ्याच्या अभ्यासातला फायदा आपल्या रकान्यात उचलून टाकू नका. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ६५ मुलांचा एक नामांकित अभ्यास छापून आला. प्रॉफिलॅक्सिस घेणाऱ्या ९३ टक्के मुलांचे सांधे सहा वर्षांच्या वयाला एमआरआयमध्ये चांगले होते, ब्लीड झाल्यावरच फॅक्टर घेणाऱ्यांत ५५ टक्के. पण तिथे दर किलोला २५ युनिट एक दिवसाआड दिलं होतं. लो-डोसकडून तेवढ्याची अपेक्षा धरू नका. दिशा मात्र तीच आहे.

८. एक वर्ष की वीस वर्षं?

प्रॉफिलॅक्सिसचा खर्च आज होतो, फायदा वीस वर्षांनी दिसतो. एका वर्षाचाच हिशेब मांडला तर गुडघ्याची किंमत त्यात येतच नाही. गुडघा बदलायची वेळ आली तर ६० किलोच्या माणसाला ऑपरेशनआधी पातळी ८० टक्क्यांवर न्यायला एका वेळी २,४०० युनिट लागतात, आणि नंतर दोनेक आठवडे रोज फॅक्टर. शिवाय तो माणूस मधली वर्षं केळीचे घड उचलायच्या कामाला जाऊ शकलेला नसतो, ती मजुरी वेगळी.

वीस वर्षांनंतरचा रुपया आजच्या रुपयाइतका धरत नाहीत. भारतातल्या अभ्यासांत वर्षाला ३ टक्क्यांनी कमी करतात. वीस वर्षांनंतरचे १ लाख आजचे सुमारे ५५,००० होतात. हे व्याजाच्या उलट गणित आहे, पतपेढीचं पासबुक वाचणाऱ्याला समजतं.

९. आकडे हलवून बघा

एकच उत्तर काढून थांबू नका. दर दुप्पट धरा, ब्लीड निम्मे धरा, वजन दुप्पट धरा. कोणत्या आकड्याला हात लावला की निकाल उलटतो, ते बघा. आमच्या वहीत तो आकडा ऑन-डिमांडमधल्या ब्लीडचा होता, म्हणून ती नोंद सगळ्यात काटेकोर हवी.

इनहिबिटर हा मात्र सगळी वही पालटणारा आकडा आहे. सिव्हिअर हिमोफिलिया ए मध्ये सुमारे ३० टक्के रुग्णांच्या शरीरात फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, बहुतेक वेळा फॅक्टर घेण्याच्या पहिल्या ५० दिवसांत (ज्या दिवशी फॅक्टर लागला तेच दिवस मोजायचे). जोराचा इनहिबिटर असेल तर फॅक्टर आठ कितीही ओता, उपयोग नाही. मग बायपास औषधं, म्हणजे फॅक्टर आठला वळसा घालून रक्त गोठवणारी औषधं, लागतात. त्यातलं एक, फॅक्टर सात-ए, दर दोन-तीन तासांनी द्यावं लागतं. अशा मुलाच्या बाबतीत एमिसिझुमॅब महाग वाटलं तरी तोल त्याच्या बाजूने जाऊ शकतो. म्हणून नेहमीच्या डोसाने ब्लीड थांबेनासं झालं तर इनहिबिटरची तपासणी मागा. माझ्या ओळखीच्या एका घराने तीन महिने वाढता डोस दिला, तपासणी कुणी सुचवलीच नाही. त्या तीन महिन्यांचा फॅक्टर वाया गेला.

१०. सगळं एका पानावर आणा

डॉक्टरांना वही वाचायला वेळ नसतो. एक पान करा. वर आजाराचा प्रकार, टक्केवारी, वजन, इनहिबिटरचा निकाल. मध्ये तीन पर्याय आणि त्यांचे युनिट, घरखर्च, ब्लीड. खाली एकच मागणी. 'महिन्याच्या व्हायली घरी न्यायची परवानगी आणि घरी टोचायचं शिक्षण मिळावं' अशी नेमकी. आम्ही आधी 'मदत करावी' असं लिहून दिलं होतं, त्याचं काही झालं नाही. दुसऱ्यांदा १०४ फेऱ्यांचा आकडा घालून दिलं, तेव्हा ते पान पुढे गेलं.

सोबत लागणारे कागद: फॅक्टर आणि इनहिबिटरचे रिपोर्ट, केस पेपर, वहीच्या झेरॉक्स, प्रवासाची तिकिटं, शाळेच्या गैरहजेरीचा दाखला, आधार, रेशन कार्ड आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेलसोबत हिमोफिलियाही आहे, त्यामुळे यूडीआयडीसाठी अर्ज करता येतो. 'मूल तर चालतं, दिव्यांग कसं?' असं खिडकीवर कुणी म्हटलं तर वाद घालू नका, कायद्याची यादी दाखवा. आणि हिमोफिलिया फेडरेशनच्या जवळच्या शाखेत नाव नोंदवा. १९८३ पासूनची ही रुग्णांचीच संघटना आहे. एका घराच्या पानापेक्षा वीस घरांची पानं एकत्र गेली तर साठा मागताना वजन पडतं.

दर सहा महिन्यांनी पाचव्या पायरीपासून सगळं पुन्हा करा, कारण मूल वाढतं. परवा आमच्या मुलाला जिनिंगच्या लहान काट्यावर उभं केलं, २६ किलो भरला. किलोला १० युनिट धरले तर २६०. म्हणजे २५० ची व्हायल आता १० युनिट कमी पडते. २५० वरच ठेवायचं की ५०० ची लावायची, की डोसाचे दिवस बदलायचे, हे पुढच्या फेरीला डॉक्टरांना विचारायचं आहे. तिन्ही बेरजा करून पान दप्तरात ठेवलं आहे.